पावणेसहाचा खड्डा

आमच्या प्रयोगशाळेत सँपल खराब झालं असं कुणी म्हणायचं नाही. सँपल ‘बाटलं’ असं म्हणायचे. धूळ बसली, बोट लागलं, चिमट्याला आधीच्या रसायनाचा अंश राहिला, काहीही होवो, सँपल बाटलं. गाळलेली हवा फिरणारी एक काचेची पेटी होती, तिच्यात हातमोजे घातल्याशिवाय हात घालायला बंदी होती. तिचं नाव ‘सोवळं’. “चकत्या कुठंयत?” “सोवळ्यात.” हे शब्द पहिल्यांदा कुणी आणले ठाऊक नाही. मी पीएच.डी.साठी सांगलीला गेले तेव्हा ते चांगले रुळलेले होते आणि मला ते फार आवडले. मी वाईची. आमच्या घरातलं सोवळं-ओवळं माझ्या जन्माआधीच संपलं, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगायचे. त्यामुळं प्रयोगशाळेत ते शब्द वापरताना मला कसलाच संकोच वाटायचा नाही, उलट जरा शहाणं झाल्यासारखं वाटायचं.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्या कामाच्या नाजूकपणातून झाला. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाची एक काळी, बोटांना बुळबुळीत लागणारी पावडर असते. तिच्यात अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. एक पापुद्रा म्हणजे फक्त तीन अणूंची जाडी. हे पापुद्रे द्रवात सुटे करायचे, पाण्यावर पसरायचे, आणि पाण्यावर त्यांची जी फिल्म धरते ती एका छोट्या पारदर्शक चकतीवर अलगद उचलून घ्यायची. मग ती चकती यंत्रात ठेवून तिच्यातून इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा. इस्त्रीजवळ हात नेला की जी धग लागते, त्याच जातीचा हा प्रकाश. डोळ्यांना दिसत नाही. फिल्म त्यातला किती गिळते आणि किती पलीकडं जाऊ देते, ते यंत्र कागदावर काढून देतं. साधी काच हा प्रकाश बराचसा अडवते, म्हणून चकत्या कॅल्शियम फ्लोराइडच्या असायच्या आणि त्या जिवापाड जपायला लागायच्या.

चांगल्या फिल्मचा ग्राफ जवळजवळ सपाट यायचा. ती अगदी थोडा प्रकाश गिळते, आणि ते ‘थोडं’ म्हणजे नेमकं किती, हेच मला शोधायचं होतं. सपाट रेघेत मध्येच खड्डा दिसला तर तो फिल्मचा नसतो, परक्या कशाचा तरी असतो. प्रत्येक पदार्थाचे खड्डे ठरलेल्या जागी, म्हणजे ग्राफवर ठरावीक मायक्रॉनच्या लहरीपाशी पडतात, त्यावरून तो ओळखता येतो. आणि फिल्म इतकी पातळ की तिच्यावर बोटाचा ठसा उमटला तर ठसाच फिल्मपेक्षा कितीतरी जाड व्हायचा.

पाण्यावरून फिल्म उचलायचं काम सुभेदारांचं होतं. ते आमचे प्रयोगशाळा सहायक, कंत्राटावर घेतलेले. फौजेत त्यांची सगळी सर्व्हिस दुर्बिणी आणि तोफांच्या नेम धरायच्या काचा दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्त होऊन मेढ्याकडच्या आपल्या गावी घर बांधलं आणि वर्षभरात कंटाळून सांगलीला नोकरीला आले. सरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या हातातली पावडरची बाटली बघून ते म्हणाले, “आवं ताई, ह्ये तर आमचं काळं ग्रीस. गाडीच्या सांध्यात भरायचो.” मी त्या पदार्थावर ढीगभर शोधनिबंध वाचले होते, पण तो ट्रकच्या सांध्यात भरतात हे मला माहीत नव्हतं.

त्यांची फिल्म उचलायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मग चकती चिमट्यात धरून पाण्यात तिरकी उतरवायची आणि श्वास रोखून वर घ्यायची. दुधावरची साय न मोडता उचलावी तशी फिल्म चकतीवर येऊन बसायची. ते हातमोजे घालत नसत. ओल्या मोज्यात चिमटा सटकतो म्हणायचे, आणि सरांची त्याला परवानगी होती. मी दहा फिल्म उचलल्या तर आठ फाटायच्या. त्यांची दहातली एखादी. माझ्या प्रबंधातले पहिल्या दोन वर्षांतले सगळे चांगले ग्राफ त्यांनी उचललेल्या फिल्मचे आहेत.

शनिवारी दुपारी आम्ही एकाच एसटीनं सांगलीहून साताऱ्याला यायचो. तिथून मी वाईची गाडी धरायची, त्यांनी मेढ्याची. इस्लामपूर येईपर्यंत ते भडंगाची पुडी उघडायचे आणि आधी माझ्यापुढं धरायचे. त्यांचे केस खोबरेल लावून चप्प बसवलेले असायचे. मी तेल सोडलेली. केस भुरभुरू नयेत म्हणून दोन थेंब सिरम लावायचे. मी त्यांना चिडवायचे, “सुभेदार, तुमच्या डोक्याचा ग्राफ काढला तर खड्डाच खड्डा दिसेल.” ते हसायचे. “काढा की. दुर्बिणीतनं बगितलं तरी काळा केस गावायचा न्हाई, तेल तेवढं गावंल.” अशी आमची गट्टी होती. मला ते मोठ्या भावासारखे वाटायचे, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगितलंही आहे.

तिसऱ्या वर्षी आमचा एक शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला. आणखी सहा फिल्म मोजून दाखवा म्हणाले होते. सुभेदारांनी एका दिवसात सहाही उचलून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्रावर बसले आणि सहातल्या पाच ग्राफमध्ये खड्डा आला. तीन आणि चार मायक्रॉनच्या मध्ये, स्पष्ट. त्या जागचा खड्डा म्हणजे तेल, चरबी, मेण, प्लॅस्टिक, असलं काहीतरी. निबंध परत पाठवायला चार दिवस उरले होते.

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी तो नुसता राग नव्हता. माझ्या डोक्यात एकाच माणसाचा चेहरा आला, आणि तो इतक्या चटकन आला की दुसरं कुणी असू शकेल असं मनात येण्याएवढा वेळच गेला नाही.

सुभेदार ट्रेमध्ये धुतलेली भांडी घेऊन आत आले. खोलीत आणखी दोन विद्यार्थी होते. मी खुर्ची वळवली आणि म्हणाले, “सुभेदार, तुमचा हात लागला. सगळी सँपल्स बाटली.”

“न्हाई, ताई. चिमट्यानं धरल्यात.”

“मग हा तेलाचा खड्डा आला कुठून? डोक्यावरून हात फिरवता आणि त्याच हातानं काम करता. हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?”

खरं तर मी त्यांना तसं एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. त्यांनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला, एकही भांडं वाजलं नाही.

“बाटली?” त्यांनी विचारलं.

“हो. बाटली.”

मला वाटलं ते सँपल्सबद्दल विचारतायत.

सुभेदार बौद्ध आहेत. हे मी आधी सांगायला हवं होतं, आणि आधी का सांगितलं नाही याचाही मी विचार केला आहे. त्यांच्या आडनावावरून मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण कळलं, आणि मी ते मनात कुठंतरी ठेवून दिलं. आमच्याकडं असंच चालतं. आम्ही विचारत नाही, पण माहीत करून घेतो, आणि मग आपल्याला माहीतच नाही असं वागतो. तीन वर्षं आम्ही त्यांच्यासमोर ‘बाटलं’ आणि ‘सोवळं’ म्हणत होतो. त्यांनी हे दोन्ही शब्द कधीच वापरले नाहीत. ते ‘डाग पडला’ म्हणायचे आणि पेटीला पेटीच म्हणायचे. तेसुद्धा माझ्या लक्षात आलं होतं. म्हातारा माणूस, त्यांना आमची गंमत कळत नसेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

मी तिथून तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. जाताना ग्राफ छापून नेला. पूर्ण ग्राफ नव्हे. तीन ते चार मायक्रॉनचा तेवढाच तुकडा, मोठा करून, म्हणजे खड्डा डोळ्यांत भरावा. उरलेला भाग मी बघितलाही नव्हता. सरांनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “याच डबीतली कोरी चकती लावून बघितलीस का?”

प्रश्न बरोबर होता. फिल्म चढवायच्या आधी चकत्या धुऊन, वाळवून, डबीत भरायचं काम माझं होतं. त्या कोऱ्या चकत्यांना सुभेदार शिवत नसत. कोऱ्या चकतीतच खड्डा असला तर दोष फिल्म उचलणाऱ्याचा नाही, एवढं शाळेतल्या पोरालाही कळेल. रोज नवी कोरी चकती मोजायची असा नियम होता. मी महिन्यापूर्वीचा, संगणकात साठवलेला ग्राफ वापरून वेळ वाचवत होते.

मी म्हणाले, “हो सर, बघितली.”

बघितली नव्हती. दहा मिनिटांचं काम होतं. वाटलं, आता जाऊन बघते, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही. मग गेलेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांची सँपलच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि त्यांना खाली भांडारात बसवलं. सर तसे मऊ माणूस, त्यांनी फार बोलून दाखवलं नाही. “काही दिवस खाली बघा,” एवढंच म्हणाले. फौजेत ज्याच्या हातात अधिकारी आपली दुर्बीण विश्वासानं देत होते, त्याच्या हातात आता काचेचं काही द्यायचं नाही असा अर्थ होता त्याचा, आणि तो सगळ्या इमारतीला कळला. सुभेदार आठ दिवस भांडारात बसले. नवव्या दिवशी त्यांनी अर्ज लिहून दिला आणि नोकरी सोडली. घरी अडचण आहे, असं त्यात लिहिलं होतं.

त्या आठवड्याच्या शनिवारी ते माझ्याच एसटीत होते. मी मागं बसले होते, ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. साताऱ्याला उतरले आणि मेढ्याच्या फलाटाकडं निघून गेले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही याचं मला वाईट वाटलं असं लिहायला बरं वाटेल, पण खरं ते लिहिते. मला हायसं वाटलं.

यानंतरचं सांगताना मला जास्त लाज वाटते. ते गेल्यावर मी फिल्म स्वतः उचलायला शिकले. त्यात कित्येक महिने गेले आणि पावडरच्या बाटल्यामागून बाटल्या संपल्या. आणि त्या माझ्या, हातमोजे घालून, सोवळ्यात केलेल्या फिल्ममध्ये दोनदा तोच खड्डा आला. त्याच जागी, तेवढाच. सुभेदार तेव्हा सांगलीत नव्हतेच. मी त्या चकत्या धुतल्या, ग्राफ पुसून टाकले आणि नवीन फिल्म केल्या. कुणाला काही बोलले नाही. मला तेव्हा कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. जेवढं कळलं तेवढ्यावर मी झाकण ठेवलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी कँटीनवाल्यांचेसुद्धा आभार मानले आहेत. सुभेदारांचे मानलेले नाहीत. त्यांचं नाव घातलं तर सरांना विचित्र वाटेल, असं कारण मी शोधून काढलं होतं.

आता मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडंही आता इन्फ्रारेडचं एक लहानसं यंत्र आहे. गेल्या पावसाळ्यात मी एम.एस्सी.च्या वर्गाला सँपल खराब कसं होतं ते शिकवत होते. ‘बाटलं’ हा शब्द मी सांगली सोडली तेव्हाच सोडून दिला होता आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. उदाहरण म्हणून मी तोच जुना ग्राफ पडद्यावर लावला. इतकी कोडगी मी झाले होते. म्हटलं, “हा बघा बोटाचा ठसा. सहायकानं उघड्या हातानं फिल्म हाताळली, त्याचा परिणाम.” फाइल उघडताना तुकडा न येता पूर्ण ग्राफ आला होता. तेवढं माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. गरीब दिसणारी, फार न बोलणारी मुलगी. “मॅडम, बोटाचा ठसा असेल तर पावणेसहाला खड्डा पाहिजे ना?”

तिचं बरोबर होतं. त्वचेचा तेलकटपणा काय किंवा खोबरेल काय, त्यांचा एक खड्डा तीन-चारच्या मध्ये पडतो आणि दुसरा पावणेसहा मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही जोडीनं येतात. पडद्यावर पावणेसहाच्या जागी रेघ सरळ होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला दिसलं की आठच्या जरा अलीकडं मात्र एक अरुंद, खोल खड्डा आहे.

“मग तो आठजवळचा कशाचा, मॅडम?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

“सिलिकॉनचा,” मी म्हणाले. जीभ सवयीनं चालली. “सिलिकॉनचं तेल असलं की तिथं येतो.”

“ते कशात असतं?”

“बऱ्याच गोष्टींत असतं. ग्रीसमध्ये, पॉलिशमध्ये, केसांच्या सिरममध्ये.”

मी स्वतःचं वाक्य ऐकलं आणि कानाकडं गेलेला हात खाली घेतला. काम करताना चेहऱ्यावर आलेली बट कानामागं सारायची मला सवय आहे. हातमोजे घातलेले असले तरी मी ती तशीच सारते, आणि पुन्हा त्याच हातानं चकती उचलते. विद्यार्थी माझी नक्कलही करतात. मी वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला. तिसऱ्या दिवशी घरून सिरमची बाटली नेली, एक थेंब चकतीवर पसरला आणि यंत्रात ठेवला. तीन-चारच्या मधला खड्डा आला. आठच्या अलीकडचा आला. पावणेसहाला काही नाही. जुना ग्राफ त्यावर ठेवला तर रेघेवर रेघ बसली.

मेढा साताऱ्याहून तासाभराच्या अंतरावर आहे. मला तिथं जायला पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत वेळ लागला. पत्ता नाही, असं स्वतःला म्हणाले. पेपर तपासायचे आहेत म्हणाले. एवढ्या वर्षांनी जुनं उकरून त्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असंही म्हणाले, जणू मी त्यांच्याच सोयीसाठी थांबले होते. शेवटी एका रविवारी मी सरांच्या नावे पत्र लिहिलं. त्यात सिरमचं लिहिलं, कोऱ्या चकतीबद्दल खोटं बोलल्याचं लिहिलं आणि नंतर दोनदा आलेला खड्डा लपवल्याचंही लिहिलं. त्याची एक प्रत आणि नवा ग्राफ पिशवीत घालून मेढ्याच्या एसटीत बसले. स्टँडवर नुसतं ‘सुभेदार’ म्हटलं, पत्ता विचारायला लागलाच नाही. “दुर्बीणवालं सुभेदार व्हय?” रिक्षावाल्यानं विचारलं आणि नेऊन सोडलं.

ते दारापुढच्या मांडवावर घेवड्याचे वेल बांधत होते. केस विरळ झाले होते, तेल तसंच चप्प. मला त्यांनी लगेच ओळखलं. “या, ताई,” म्हणाले, आणि घरात बघून चहा टाकायला सांगितलं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, शेजारी त्यांचा स्वतःचा फौजेतला. मी खुर्चीच्या कडेवर बसले आणि घडाघडा बोलायला लागले, कारण चहा आला असता तर माझ्यानं बोलवलं नसतं. पत्र वाचून दाखवलं. मग ग्राफ त्यांच्या हातात दिला. “चूक माझी होती. तुमचा हात लागलाच नव्हता. माझ्या केसांतलं होतं ते.”

त्यांनी चष्मा लावला आणि ग्राफ बराच वेळ बघितला, जुन्या सवयीनं, डावीकडून उजवीकडं, एकेक जागा बोटानं न शिवता. “आठच्या अलीकडचा बी घेतलाय,” ते म्हणाले. “बराबर हाय.”

मग ते उठून आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. वर त्यांचे फौजेतून निवृत्त झाल्याचे कागद होते, खाली पेन्शनचे. त्यांच्याखालून त्यांनी दोन पिवळे पडलेले छापील ग्राफ काढून माझ्यापुढं ठेवले. आमच्याच यंत्राचे. रोज सकाळी ते यंत्र सुरू करून ठेवायचं काम त्यांचंच असायचं, ते चालवणं त्यांना माझ्याइतकंच येत होतं.

“ज्या दिशी तुमी बोलला, त्याच दिशी काढलं,” ते म्हणाले. “तुमी सरांकडं गेल्ता तवा. ही तुमच्या डबीतली कोरी चकती. माझा हात कवाच न लागलेली. चिमट्यानं काडली. बगा, खड्डा हाय का न्हाई? आन् ह्यो दुसरा, माझा अंगठा. चांगला डोक्यावरनं फिरवून मग चकतीवर ठेवला. पावणेसहाला केवढा पडलाय बगा. तुमच्यात हाय का?”

मी केबिनमध्ये उभी राहून ‘बघितली’ म्हणत होते, त्याच वेळी ते यंत्रावर ती चकती खरोखर बघत होते. “मग सरांना का नाही दाखवलंत?” मी विचारलं. “तेव्हाच्या तेव्हा सगळं मिटलं असतं.”

“कसं दाखवू? दुपारी म्हणला, सँपलला हात लावला. संध्याकाळी म्हणला असता, आता मशिनीला बी लावला.”

चहा आला. त्यांनी आधी माझ्यापुढं कप ठेवला. मी तो हातात घेतला. मी म्हणाले, “सुभेदार, तो शब्द. आम्ही सगळेच तसं बोलायचो. त्याचा अर्थ तसा नव्हता.”

“व्हय. मी बी तीन वर्सं ऐकला की.” त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यानं मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी आपला कप उचलला. मग म्हणाले, “एक इचारू? खरं सांगा, मला वाईट वाटंल म्हनून उगी गोड बोलू नका.”

“विचारा.”

“मी तुमच्या वाईचा असतो, तुमच्या आळीतला, तुमच्यातला. डोक्याला ह्येच तेल, हातात ह्योच चिमटा. तर तुमी त्या दिशी आधी कोरी चकती लावून बगितली असती का?”

‘नाही हो, मी कुणालाही तसंच बोलले असते, माझा स्वभावच तसा आहे,’ हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. वर्षानुवर्षं मी तेच तर स्वतःला देत आले होते. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि ते माझ्याकडं बघत होते.

“बघितली असती,” मी म्हणाले. “आधी चकती बघितली असती, मग तुमच्याशी बोलले असते.”

त्यांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही ग्राफ त्यांनी नीट जुळवून फाइलमध्ये ठेवले, माझा मला परत दिला.

“ग्राफ माझ्याकडं व्हता, ताई,” ते म्हणाले. “ह्येच तेवढं नव्हतं.”